राखेचे शंभर हात

म्हाळसाबाईच्या बोटाला जे कळायचं ते कळायला कारखान्यातल्या दुर्बिणीला तासभर लागायचा. धुतलेल्या पत्र्यावरून ती मधलं बोट फिरवायची, क्षणभर थांबायची आणि सांगून टाकायची, "बुळबुळ हाय अजून." मग तोच पत्रा निळ्या रंगात बुडवा, वाळवा, काचेखाली धरा, ठिपके मोजा; उत्तर तेच निघायचं. मायक्रोस्कोपला दुर्बीण म्हणणारी ती एकटीच होती, पण दोन वर्षांत सगळा कारखानाच दुर्बीण म्हणायला लागला. आपलं कुणी ऐकत नाही अशी तक्रार करायची तिला सोयच उरली नव्हती.

हा कारखाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. मालक आप्पासाहेब मूळचे वाळूजकडचे शेतकरी. तिकडं नवी वसाहत आली, त्यांची जमीन तिच्यात गेली, तेव्हा भाऊबंदांनी जीपगाड्या घेतल्या आणि आप्पासाहेबांनी इकडं शेड टाकली. काम एकच, दुधाच्या कॅनना आणि टाक्यांना आतून लेप द्यायचा. कॅन कितीही धुतला तरी दुधाचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा आत राहतो. त्यावर जंतू येऊन टेकतो. एक टेकला की दहा येतात, दहा आले की बिऱ्हाड थाटतात आणि वरून स्वतःचाच चिकट थर पांघरून घेतात. मग साबणाचं पाणी वरच्या वर निघून जातं आणि खाली त्यांचा संसार सुखानं चालू राहतो. दुसऱ्या दिवशीचं ताजं दूध त्यात पडलं की दिवस मावळायच्या आत नासतं. तर हे बिऱ्हाड मुळात बसूच द्यायचं नाही असा लेप शोधण्यासाठी शेडच्या एका कोपऱ्यात काचेच्या भिंती घालून प्रयोगशाळा केलेली होती. तिथले लेप तपासायचे नमुन्याचे पत्रे आणि चहाचे कप धुवायचं काम म्हाळसाबाईचं.

ती देवगाव रंगारीच्या पलीकडल्या एका वस्तीवरची, धनगराच्या घरची. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं आणि चार शेळ्या. तिची सासू सारजाबाई फार बोलायची नाही, पण दुधाच्या भांड्यात नाक घालून वास घ्यायची. मनासारखं नसलं की भांडं मुकाट्यानं परत राखेत टाकायची. सुनेची वेणी राहिली तर चालेल, जेवण राहिलं तरी चालेल, पण गोवरीच्या चाळलेल्या राखेनं घासलेलं भांडं बोटाखाली करकर वाजलंच पाहिजे. ती करकर म्हाळसाबाईच्या बोटात कायमची मुरली. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. नवरा मुंजाबा आणि ती खडी फोडत फोडत शहराच्या कडेला मुकुंदवाडीला आली आणि तिथलीच झाली. मुंजाबा एका गोदामावर राखणदार लागला. "आधी मेंढरं राखली, आता खोकी राखतो," तो म्हणायचा. "खोकी बरी. लंगडत नायत."

त्र्याण्णवचा पावसाळा सरता सरता साळवे साहेब कारखान्यात आले. पूर्ण नाव सांडू भिकन साळवे. लासूर स्टेशनच्या बाजूचे, बौद्ध घरातले. वडील अडत दुकानात पोती वाहायचे. पोरगा नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून शिकला आणि विद्यापीठातून रसायनशास्त्राची मोठी परीक्षा पास झाला. अंगानं किडकिडीत, बोलायला हळू आणि हाताचा फार स्वच्छ माणूस. प्रयोगशाळेत त्यांच्या आधीपासून एक जण होता, बन्सी, आप्पासाहेबांचा भाचा. बन्सीकडे मुंबईहून शिकून आणलेला जुना लेप होता. साळव्यांनी स्वतःचा नवा लेप केला. दोघांचे पत्रे शेजारी शेजारी दुधात लटकायला लागले.

पहिल्याच आठवड्यात साळव्यांनी म्हाळसाबाईला बोलावून एक गंमत दाखवली. बन्सीच्या पत्र्यावर त्यांनी पाण्याचा थेंब सोडला, तो मण्यासारखा गोल उभा राहिला आणि जरा तिरपं करताच घरंगळला. स्वतःच्या पत्र्यावर सोडला, तो सपाट पसरला.

"मग तुमचा वाईट, साहेब," म्हाळसाबाई म्हणाली. "आमच्या घोंगडीवर पाणी ठरत नाय म्हणून तर तिला किंमत."

"घोंगडीवर पाणी ठरत नाय, पण कुसळं किती चिकटतात?"

"ते मातुर लई. वेचता वेचता जीव जातो."

"तसंच समजा. जो पत्रा पाण्याला लोटतो, त्याच्यावर जंतूला टेकायला बरं पडतं. माझा लेप पाण्याला धरून बसतो. कायम वर पाण्याची चादर. जंतू येतो, बूड टेकायला बघतो, खाली सगळं पाणीच पाणी. जातो वाहून." मग त्यांनी पत्रा उजेडाकडे धरला. "फक्त एक हाय, मावशी. लेप मऊ हाय. ओरखडा उठला की खेळ खलास. जंतू इतका बारीक असतो, की आपल्याला न दिसणाऱ्या ओरखड्यात तो अख्खा मावतो. म्हणून पातळ साबण आन् हा स्पंज. दुसरं काही नको."

"व्हय," म्हाळसाबाई म्हणाली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. म्हाळसाबाई चांगली बाई होती म्हणून ती झाकून ठेवता येणार नाही.

प्रयोगशाळेत चहाचे सहा कप होते. पाच पांढरे आणि एक निळ्या रेघेचा, असाच पडून असलेला. साळवे आले त्या दिवशी तिनं त्यांना निळ्या रेघेच्या कपात चहा दिला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिला कुणी तसं करायला सांगितलेलं नव्हतं. आप्पासाहेबांनी पाहिलं, बन्सीनं पाहिलं, कुणी विचारलं नाही, आणि न विचारणं हेच उत्तर झालं. तो कप ती सगळ्यात शेवटी धुवायची आणि साबणाच्या आधी त्यावरून राखेचा हात फिरवायची. मोरीखाली तिनं डालड्याच्या डब्यात घरची राख आणून ठेवली होती.

पत्र्यांचंही तेच झालं. बन्सी आपले पत्रे दुधात लटकत सोडून घरी जायचा, सकाळी ते म्हाळसाबाईच काढायची. साळवे आपले पत्रे स्वतः काढायचे, उघड्या हातानं, एकेक करून ताटात मांडायचे, तुकडा कापून रंगात घालायचे आणि बाकीचे धुवायला द्यायचे. सारजाबाईच्या घरात त्या जातीच्या माणसाचा हात भांड्याला लागला तर भांडं तीनदा राखेनं घासायचं, आत निखारा फिरवायचा, मग वापरायचं. निखारा काही प्रयोगशाळेत फिरवता येत नव्हता. राख येत होती. रोज सकाळी बन्सीचे पत्रे साबण आणि स्पंजनं धुवून झाले की ती साळव्यांचे घ्यायची, आधी राखेचे हात मारायची आणि मग त्यांनी सांगितला तसा साबण लावायची.

मनात राग होता का? नव्हता. उलट तिचा साळव्यांवर जीव होता. तिच्या लेकीचं, भागूबाईचं, पत्र आलं की तेच वाचून दाखवायचे, आणि भागूनं लिहिलेलं नसलं तरी शेवटी "आईला नमस्कार" असं आपल्या पदरचं घालायचे. पण हाताला मनाला विचारायची सवयच नव्हती. हाताला विचारलं असतं तर हात म्हणाला असता, असंच करतात. आणि खरं सांगायचं तर तिला वाटायचं, आपण साळवे साहेबांचे पत्रे इतरांपेक्षा दुप्पट धुतोय.

पहिल्या दिवशी साळव्यांच्या पत्र्यावर दुर्बिणीच्या एका चौकटीत चार ठिपके निघाले होते, बन्सीच्या पत्र्यावर चाळीस. आप्पासाहेबांनी खूश होऊन सगळ्यांना जिलेबी दिली होती. दहाव्या दिवशी साळव्यांचे तीस झाले. महिन्यानं शंभरावर गेले, आणि बन्सीचे होते तिथंच होते. साळव्यांनी लेप पुन्हा केला, नव्या पत्र्यांना दिला. पुन्हा पहिल्या दिवशी पाच, आणि पुन्हा तीच चढण. डिसेंबर सरेपर्यंत त्यांची वही खाडाखोडीनं काळी झाली. ते जेवायच्या सुट्टीतही दुर्बिणीला डोळा लावून बसायचे आणि डबा तसाच परत न्यायचे.

बाहेर शहरात त्या दिवसांत वेगळीच धग होती. विद्यापीठाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं, हा सोळा वर्षांचा प्रश्न आता सुटणार, असं जो तो बोलत होता. चौकाचौकांत पोलिसांच्या गाड्या होत्या. अठ्ठ्याहत्तर साली हाच विषय निघाला तेव्हा गावोगाव घरं जळली होती, माणसं गेली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. म्हाळसाबाईच्या सासरच्या वस्तीवर काही जळलं नव्हतं, पण खालच्या गावातली सात घरं एका रात्रीत रिकामी झाली आणि पुन्हा भरली नाहीत. सणावाराला वस्तीवर जाताना ती त्या घरांवरून जायची. एका दारात पालथं घातलेलं पातेलं कितीतरी महिने तसंच पडून होतं.

"साळवे," बन्सी एक दिवस चहा पिताना म्हणाला, "तुझ्या डिग्रीवर जुनं नाव आहे ना विद्यापीठाचं? आता बदलून घेशील की काय?"

"लेप जमला तर घेईन," साळवे म्हणाले आणि निळ्या रेघेचा कप खाली ठेवला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पासाहेब स्वतः काचेच्या खोलीत आले. म्हाळसाबाई मोरीवर होती. एका मोठ्या दूध संघाला संक्रांतीनंतर लेपाचा अहवाल द्यायचा होता. "साळवे, मी अडाणी माणूस," आप्पासाहेब म्हणाले. ते अडाणी आहेत असं सांगायला लागले की समोरच्यानं सावध व्हायचं असतं. "पहिल्या दिवशी चार आणि महिन्यानं शंभर, हे मला समजत नाही. एकतर तुमचा लेप कुचकामी, नाहीतर तुमचे पहिले आकडे खोटे. भोगीच्या दिवशी मला सांगा दोन्हींतलं काय ते. आणि जे सांगाल त्यानंतर तुम्हाला इथं ठेवायचं कसं, तेही तुम्हीच सांगा."

"आकडे खोटे नाहीत," साळवे म्हणाले.

"मग चार ठिपके गेले कुठं?" बन्सी हसून म्हणाला. आप्पासाहेबांनी त्याला गप्प केलं नाही.

दोघं गेल्यावर साळवे बराच वेळ दुर्बिणीवर वाकून होते. मग त्यांनी डोळा काढला आणि मोरीकडं पाहिलं. "मावशी, पत्रे कशानं धुता?"

"तुम्ही सांगितल्या साबणानं," म्हाळसाबाई म्हणाली. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

साळव्यांनी तिच्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडांना राखाडी रेघ होती. ते "बरं" म्हणाले, पाण्याचा ग्लास घेतला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

दुर्बिणीचा दिवा तसाच चालू होता. म्हाळसाबाईनं हात पदराला पुसले आणि डोळा लावला. कसं बघायचं ते तिला त्यांनीच शिकवलं होतं. आधी नुसता उजेड दिसला, मग रेघा. गोल गोल, एकात एक, जात्याच्या पाळीवर असतात तशा. त्या रेघांमध्ये निळे ठिपके ओळीनं बसलेले, नांगराच्या तासात पेरलेलं बी जसं बसतं. रेघांच्या बाहेर लेप अजून गुळगुळीत होता, आणि तिथं ठिपका औषधालासुद्धा नव्हता. शेजारी बन्सीचा तुकडा होता. त्यावर ठिपके इकडं तिकडं विखुरलेले, पण रेघ एकही नव्हती.

भांड्यावरचा राखेचा ओरखडा तिला कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो तिचाच हात होता. गोल फिरणारा, दाबून फिरणारा, करकर वाजेपर्यंत न थांबणारा. माणसाची भाकरी आपल्या हातानं घासून टाकली, हे तिला कळलं. ती मोरीच्या कट्ट्यावर खाली बसली.

सांगायचं म्हटलं तर चार शब्दांचं काम होतं. राख लावली, चुकलं. नोकरी गेली असती, जावो. पण पुढचा प्रश्न आला असता, बन्सीच्या पत्र्यांना का नाही लावली? त्याचं उत्तर साळव्यांच्या तोंडावर द्यायचं होतं. ते तिच्यानं होईना. तिनं डबा फेकून दिला असता, उद्यापासून सगळ्यांना साबण लावला असता, तर कदाचित नव्या पत्र्यांवर आकडे सुधारलेही असते. पण भोगीला चार दिवस उरले होते आणि महिनाभराचं उत्तर चार दिवसांत देता येत नव्हतं. कुणीतरी बोलल्याशिवाय साळव्यांची नोकरी राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना तिनं मुंजाबाला सगळं सांगितलं. तो हंड्याची कड धरून ऐकत राहिला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "तू कामून आपल्या हातानं काट्या अंगावर ओढतीस? त्या साहेबाला दुसरी नोकरी भेटंल. शिकलेला हाय. तुला कोण ठेवणार ह्या वयात?"

"आन् तो खोटारडा ठरला तर?"

"तू त्याला खोटारडा म्हणाली का? नाय ना?" मुंजाबा म्हणाला. "जग असंच हाय, बाई. नाव बदलून विद्यापीठ दुसरं होत नाय आन् राख सोडून तू दुसरी होत नाय."

हंडा डोक्यावर घेताना तिला एकदम समर्थनगरातली एक खिडकी आठवली. शहरात नवी आली तेव्हा ती एका घरी धुणीभांडी करायची. त्या घरच्या बाई मायाळू होत्या, सणाला लुगडं द्यायच्या. पण म्हाळसाबाईचा चहा खिडकीतल्या कान तुटक्या कपात असायचा. कप खिडकीतच राहायचा, तो तिनंच धुवायचा आणि तिथंच ठेवायचा. ती त्या घरचं सगळं खरकटं घासायची, त्यांच्या देवाची भांडीसुद्धा, पण कपाटातला कप तिच्या ओठाला चालत नव्हता. दोन वर्षं तिनं त्यातून चहा घेतला आणि एक दिवस काम सोडलं. कारण विचारलं तेव्हा "लांब पडतं" म्हणाली. पंधरा वर्षांत तिनं त्या कपाबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. आणि पंधरा वर्षांनी तो कप त्या खिडकीतून उचलून आणावा तसा तिनंच दुसऱ्याच्या हातात दिला होता, फक्त कान शाबूत होता आणि रेघ निळी होती.

भोगीच्या दिवशी ती तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी बांधून कामावर आली. अकरा वाजता आप्पासाहेबांच्या खोलीत साळवे आणि बन्सी बसले. म्हाळसाबाई चहाऐवजी डालड्याचा डबा घेऊन आत गेली आणि तो टेबलावर, आप्पासाहेबांच्या कागदांवर ठेवला.

"हे काय?" आप्पासाहेब म्हणाले.

"राख हाय, साहेब. साळवे साहेबांचे पत्रे मी ह्या राखेनं घासत होते. पहिल्या दिसापासून. त्यांनी साबण सांगितला व्हता. लेप चांगला हाय. म्याच खरवडला."

आप्पासाहेबांनी डब्यात बोट घालून पाहिलं. बन्सीला हसू आलं. "अगं मावशी, मग माझ्या पत्र्यांना नाही लावली ती?"

आलाच तो प्रश्न. म्हाळसाबाईनं मान खाली घातली नाही, कारण एकदा घातली असती तर ती पुन्हा वर आली नसती.

"नाय लावली," ती म्हणाली. "तुमच्या पत्र्यांना त्यांचा हात लागत नव्हता."

बन्सीचं हसू गेलं. आप्पासाहेबांनी खिडकीकडं तोंड केलं. त्यांच्या वाळूजच्या घरी कोनाड्यात काय काय वेगळं ठेवलेलं असे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि गेले चार महिने रोज समोरून जाणारा निळ्या रेघेचा कपही त्यांना दिसत होताच. राग कुणावर काढावा हे त्यांना कळेना. "तुला कामावरून..." असं त्यांनी सुरू केलं आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

"साहेब," म्हाळसाबाई साळव्यांकडं वळली. तिचे डोळे भरले होते. "मला माफी मागायचं तोंड नाय. तुम्ही माझ्या लेकीची पत्रं वाचली, आन् मी..."

"मला ठाऊक होतं, मावशी," साळवे हळूच म्हणाले. "रेघा पाहिल्या त्याच दिवशी. माझी आई सांगायची, गावात कुणाचं भांडं सगळ्यात लखलखीत दिसलं तर समजावं, त्याला आपला हात लागलेला आहे." मग त्यांनी डबा आपल्याकडं ओढला आणि राख चिमटीत घेऊन बोटांवर चोळली. बोलायला लागले तेव्हा आवाज आप्पासाहेबांशी कामाचं बोलताना असायचा तसाच होता. "पण साहेब, चूक माझीही आहे. मी स्पंजनं धुतलेल्या पत्र्यावर लेप तपासत होतो. आपला कॅन खेड्यात जाणार. तिथं तो कोण धुणार? मावशींसारख्याच बाया धुणार, आणि चुलीतल्या राखेनंच धुणार. स्पंज कुणाकडं आहे? माझा लेप राखेपुढं टिकत नाही, हे मला आज कळलं ते बरं झालं. नाहीतर दूध संघाकडून कळलं असतं."

"मग आता?" आप्पासाहेबांनी विचारलं. त्यांना कामाचा प्रश्न मिळाल्यानं सुटल्यासारखं झालं होतं.

"सहा महिने द्या. लेप कडक करायला लागेल, आणि पाणी धरायचा गुण जाऊ द्यायचा नाही. अवघड आहे, पण होईल." मग ते म्हाळसाबाईकडं वळले. "आन् मावशी, परवापासून राख सगळ्यांच्या पत्र्यांना लावा. माझ्या एकट्याच्या नको. सगळ्यांना सारखी. शंभर शंभर हात."

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती आणि कारखाना बंद होता. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. मुकुंदवाडीत एका बाजूला फटाके वाजत होते आणि दुसऱ्या बाजूला दारं लवकर लागली होती. मुंजाबानं रेडिओ ऐकला, बंद केला आणि बायकोला विचारलं, "उद्या जायचंय का तुला कामाला?"

"जायचंय," ती म्हणाली. "राख चाळायची राहिलीय."

कारखाना उघडला त्या सकाळी चहाच्या ताटात सगळे कप एकाच साबणानं धुतलेले होते. साळव्यांच्या पुढ्यात पांढरा कप आला. त्यांनी तो पाहिला आणि उचलला. निळ्या रेघेचा कप म्हाळसाबाईनं स्वतःला घेतला होता. मोरीच्या कट्ट्यावर बसून तिनं त्यात चहा ओतला आणि फुंकर घालत प्याली. पुढं काम सोडेपर्यंत, आणखी नऊ वर्षं, ती त्याच कपातून चहा प्याली.

मग पत्रे आले. ती साळव्यांच्या पत्र्यापासून सुरू झाली, मोठ्यानं मोजत. त्या पहिल्या फेरीत दोघांचेही लेप हरले आणि साळव्यांचा जास्त हरला. ते तिला पुढं आठवड्यानं कळलं. तिनं वाईट वाटून घेतलं, तर साळवे हसले आणि वहीचं नवीन पान उघडलं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, पण लेप शेवटी झाला. त्याच्या अहवालात चाचणीच्या रकान्यात "राख, शंभर हात" असं लिहिलेलं असायचं. कुणाचे हात, ते लिहायची पद्धत नव्हती.

पण त्या पहिल्या सकाळी हे पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. साळवे वही घेऊन शेजारी उभे होते. तिचा हात गोल फिरत होता. साठ झाल्यावर ती थांबली.

"साहेब, एक विचारू? तुम्हाला ठाऊक व्हतं तर तुम्ही आधीच कामून बोलला नाय? नोकरी चालली व्हती तुमची."

साळव्यांनी वहीतून डोळे वर केले नाहीत. "मी बोललो असतो तर ते गाऱ्हाणं झालं असतं, मावशी. आमची गाऱ्हाणी लोकांनी लई ऐकलीत. तुम्ही बोलला म्हणून ते खरं झालं."

तिनं मनगटानं डोळे पुसले, उरलेले चाळीस हात पुरे केले, पत्रा धुवून ताटात त्यांच्या हाताशी ठेवला. मग तिनं बन्सीचा पत्रा ओढला, चिमूटभर राख घेतली आणि एकपासून मोजायला लागली.